हाताकडे बघून

बाकावर बसल्या बसल्या त्याच्या उजव्या पायाची बोटं सरळ झाली आणि तो दचकला. घरात कोणी नसताना आतल्या खोलीत भांडं वाजावं तसा दचकला. ती बोटं सकाळपासून बुटात आखडून, तळव्याकडे वळून बसली होती. रोजच बसतात. पहिली गोळी पोटात गेली की काही वेळाने आधी अंगठा सैल पडतो, मग बाकीची बोटं एकमेकांना ढकलत उलगडतात, मग पोटरीचा पीळ सुटतो आणि खांद्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटतं. कंपवाताच्या इतक्या वर्षांत हा क्रम त्याला तोंडपाठ झाला होता. गोळी लागू पडल्याचं त्याला घड्याळावरून कळत नसे, अंगठ्यावरून कळत असे. पण आज गोळी घेतलीच नव्हती. आज गोळी घ्यायची नाही, यासाठीच तर सगळा खटाटोप होता. त्याने बुटातल्या बुटात अंगठा हलवून बघितला. सांगितल्याबरोबर हलला.

समोरच्या भिंतीवर मेंदूचं मोठं चित्र लावलं होतं. दोन बाजूंनी दोन बारीक तारा खोल आत गेलेल्या, कानामागून मानेत उतरलेल्या, आणि छातीवर कातडीखाली काडेपेटीएवढी बॅटरी. चित्रातला माणूस हसत होता. डोक्यात तारा घालून हा कशाला हसतोय, असं त्याला पहिल्या खेपेला वाटलं होतं. मग खेपांमागून खेपा झाल्या आणि चित्रही सवयीचं झालं. त्या गडगडणाऱ्या नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो काढून झाले. समुपदेशकबाईंनी शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले, घड्याळ काढायला लावलं, उदास वाटतं का, मरावंसं वाटतं का, असं तोंडभर हसत विचारलं. "ऑपरेशन झाल्यावर काय करावंसं वाटतं?" हेही विचारलं. तो म्हणाला, "चहाचा कप धरता यावा." बाईंना ते आवडलं. सगळे हेच सांगत असणार. खरं कारण त्याने सांगितलं नाही, कारण ते कसं सांगायचं हे त्याला कळलं नाही.

आता ही शेवटची तपासणी राहिली होती. डॉक्टरबाईंनी ती नीट समजावून सांगितली होती. "तार तुम्हाला नवीन काही देणार नाही. गोळीने जे होतं तेच तार करते, फक्त दिवसभर एकसारखं करते. म्हणून आम्हाला बघायचं आहे, गोळीशिवाय तुम्ही कसे आणि गोळीने कसे. दोन्हींत चांगला फरक दिसला तर पुढे जायचं. नाही दिसला, तर उगाच डोक्याला भोक पाडण्यात अर्थ नाही." आदल्या संध्याकाळपासून गोळी बंद. सकाळी उपाशीपोटी, जसे असाल तसे या. आम्ही आमच्यासमोर मोठा डोस देऊ आणि परत बघू. "जेवढे वाईट दिसता येईल तेवढे वाईट दिसा," त्या म्हणाल्या आणि तो म्हणाला, "एवढंच ना? ते मला घरबसल्या जमतं." तेव्हा मुलगाही हसला होता.

मुलगा आता कॉरिडॉरच्या टोकाला, खिडकीशी, पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. तो विमा कंपनीच्या तक्रार विभागात होता. चिडलेल्या लोकांना फोनवर शांत करायचं, हेच त्याचं काम. आत्ताही कोणाला तरी शांत करत असणार. त्याची पाठ बघूनही ते कळत होतं. खांदे जरा वाकवलेले, मान हलते आहे, हो, हो, तुमचं बरोबर आहे. लहानपणी काडीसारखा होता म्हणून त्याला बारक्या म्हणायचे. आता पोट सुटलं होतं तरी घरात बारक्याच.

"तुमची गाडी सुरू झालेली दिसते," शेजारचा म्हणाला. शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर बसला होता. तोही याच तपासणीसाठी आलेला. त्याचे पाय मध्येच जमिनीला चिकटत, मग तो स्वतःलाच "चला, मागचे पुढे सरका" म्हणे आणि पाऊल उचलत असे. सकाळपासून तो पुतळ्यासारखा बसला होता, चेहऱ्यावरची एक रेषाही न हलवता विनोद करत होता. आपले विनोद कोणाला कळत नाहीत अशी त्याची तक्रार होती, कारण आजाराने त्याचा चेहराच काढून घेतला होता.

"कसली गाडी?"

"मघाशी आलात तेव्हा हात कसा चालला होता तुमचा. खंजिरी वाजवल्यासारखा. आता बघा."

त्याने बघितलं. उजवा हात मांडीवर पडला होता, नुसता. तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, झोपलेल्या माणसाचा असतो तसा.

"मला पण सांगा की कुठून भरलंत पेट्रोल," ड्रायव्हर न हलता म्हणाला. "इथे तर बंदी आहे म्हणतात."

तेव्हा त्याला पाणी आठवलं. सकाळी तो पलंगावर कुशीवर वळायला धडपडत होता आणि वळता येत नव्हतं. रात्रभर गोळी नसल्याने अंग ओल्या गादीसारखं जड झालं होतं. तोंडातून आवाज निघत होता, तो आपलाच आहे हेही त्याला जरा उशिराच कळलं. मुलगा दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. मग त्याने उठवलं, बसवलं, कपडे घातले, बुटांच्या नाड्या बांधल्या, आणि निघता निघता स्टीलचा पेला ओठाला लावला. "दोन घोट घ्या बाबा. पाण्याला मनाई नाही." पाणी जरासं खडूसारखं लागलं होतं. पण उपाशीपोटी तोंडाला कसलीही चव येते. शिवाय पेला स्टीलचा. काचेचा असता तर पाण्याचा रंग दिसला असता. त्याची गोळी पिवळी होती.

आयुष्यभर काच हाताळलेल्या माणसाला स्टीलच्या पेल्यातून फसवलं, असं त्याच्या मनात आलं आणि हसूही आलं. त्याचं फोटो फ्रेमचं दुकान होतं. दोन शटरच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं अरुंद दुकान, मागे लांब टेबल, टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं आणि त्यावर काच. हिऱ्याची पेन्सिल काचेवरून एकदाच फिरवायची. एकदाच. दुसऱ्यांदा फिरवली की काच भलतीकडे जाते. आणि फिरवताना एक आवाज येतो, रेशमी कापड फाडल्यासारखा बारीक. तो आवाज नीट आला की काच अजून अखंड दिसत असली तरी तुटलेलीच असते. नुसता खालून टिचकीचा धक्का द्यायचा. त्या बाकावर बसून त्याला वाटलं, आपल्या घरात असा आवाज कितीदा येऊन गेला असेल. आपल्याला फक्त टिचकी कळली.

हात पहिल्यांदा हलला तो दुकानातच. काचेवर पेन्सिल टेकवली आणि ती टकटक वाजली. गिऱ्हाईक म्हणालं, काय हो, थंडी वाजते का. मग हळूहळू सगळं झालं, जसं सगळ्यांचं होतं. पण एक गोष्ट झाली ती कोणत्याही डॉक्टरने सांगितली नव्हती. तो हात घरातल्या सगळ्यांच्या कामी येऊ लागला. त्याला काही लागलं, राग आला, धास्ती वाटली, की हात वाढत असे. तो तोंडाने काही म्हणायच्या आधी हात सांगून टाकत असे. मग माणसं त्याच्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर यायची, पदराला हात पुसत काहीतरी सांगायला तोंड उघडायची, तिची नजर खाली जायची आणि ती म्हणायची, "काही नाही, चहा ठेवू का?" मुलगी परदेशातून फोन करायची. पलीकडून पहिला प्रश्न, बाबांचा हात कसा आहे? म्हणजे सांगू की नको? शेअर बाजाराच्या आकड्यांसारखा त्याचा हात रोज बघितला जायचा. मुलाची नोकरी एकदा गेली होती आणि नवी लागली होती, हे त्याला नवी लागल्यावर कळलं, तेही पेढे आणले म्हणून. दुकान विकत घ्यायला गिऱ्हाईक सापडलं हे त्याला गिऱ्हाईकच सांगून गेलं. "तुम्हाला त्रास नको म्हणून," असं जो तो म्हणे. त्याला त्रास नको म्हणून घरातले सगळे दबक्या पावलांनी चालत, आणि दार लोटून घेतल्यावर पलीकडे जी कुजबुज होई ती त्याला ऐकू येई, कारण आजाराने त्याचं सगळं नेलं होतं तरी कान ठेवले होते.

बायकोचंही तसंच झालं. तिचं पोट दुखत होतं. ॲसिडिटी. मग डॉक्टरने ढीगभर गोळ्या दिल्या, मग ती मावशीकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे, हवापालटाला म्हणून राहून आली, बारीक होऊन आली. "तिच्याकडे तेल नसतं जेवणात," म्हणाली. थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी तिला इस्पितळात नेलं आणि मग त्याला सांगितलं, आता फार काही हातात नाही. सगळं एकदम. त्या दिवशी त्याचा हात इतका हलला की पलंगाची कड वाजत होती आणि ती उशीवरून त्याच्या हाताकडेच बघत होती, त्याच्याकडे नाही. म्हणाली, "बघ, म्हणून." मुलाला म्हणाली. बघ, म्हणून सांगत नव्हते. ते तिचं त्याच्याबद्दलचं शेवटचं धड वाक्य. त्यानंतर ती बोलली ती पाणी, उजेड, पाय, असे एकेक शब्द.

हेच खरं कारण होतं. कपाचं काही नव्हतं, कप काय, नळीनेही चहा पिता येतो. त्याला हात गप्प करायचा होता. हात गप्प झाला की माणसांना नाइलाजाने वर बघावं लागेल, त्याच्या डोळ्यांकडे, आणि मग जे असेल ते सांगावं लागेल. जे उरलं असेल ते. त्यासाठी डोक्याला भोक पाडायची त्याची तयारी होती. जागेपणी पाडतात म्हणे. चालेल.

त्याचा पुकारा झाला. मुलाने फोन खिशात टाकला आणि लगबगीने येऊन बखोटीला हात दिला. "उठा, हळूच." तो उठला. एका दमात उठला, मुलाच्या हाताची गरजच लागली नाही. दोघंही क्षणभर उभे राहिले. मुलाने नजर वळवली आणि "पाण्याची बाटली राहिली" म्हणत परत बाकाकडे गेला. तेव्हा संशयालाही जागा उरली नाही.

आत डॉक्टरबाई होत्या आणि चित्रण करायला एक तंत्रज्ञ. बाहेरच्यांना आत घेत नाहीत, मुलगा दाराबाहेर थांबला. "काल संध्याकाळनंतर काही घेतलं नाही ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "मी घेतलं नाही," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायची, जितकं मोठं तितकं मोठं, जितकं भरभर तितकं भरभर. बोटं आपटली. मूठ उघडमीट. झाली. मनगट उलटसुलट, बल्ब फिरवल्यासारखं. फिरलं. टाच जमिनीला टेकवून पंजा आपटायचा. पंजा असा आपटत होता की एखाद्या गवयाला कोणी ठेका धरावा. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे थांब, आज नको, आज वाईट दिस. पण अंग ऐकत नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या अंगाने त्याचं ऐकलं नाही ते आज नको तेवढं ऐकत होतं. मुद्दाम हळू करावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं, पण खोटं थरथरणं त्याला जमेना. खरं हवं तेव्हा यायचं नाही आणि खोटं करता यायचं नाही, असा हा आजार. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. उठला. डॉक्टरबाई मागे उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मी खांदे मागे ओढीन, तोल सांभाळा," आणि ओढले. एक पाऊल मागे टाकून तो खांबासारखा उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी तंत्रज्ञाकडे बघितलं. मग स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. "छान आहात की तुम्ही. गोळीशिवाय इतके छान असाल तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. गोळी दिल्यावर याहून किती चांगलं होणार? फरक कुठून येणार? त्यांच्या आवाजात एखाद्याला वाईट बातमी देताना येतो तो मऊपणा आला होता, आणि तो मऊपणा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. आत्ता गप्प बसलं तर मुलगा वाचत होता. घरी जाऊन काहीच झालं नाही असं वागता आलं असतं. मुलगा म्हणाला असता, जाऊ दे बाबा, नव्हतंच नशिबात. आणि परत हाताकडे बघून बोलणं सुरू. बायको गेली तेव्हाही तो गप्प बसला होता. तिच्या फोटोची फ्रेम मुलाने बाहेरून करून आणली तेव्हाही. दुकान होतं तोवर शहरभरच्या लोकांच्या फोटोंना त्याने काच बसवली, आणि आपल्या बायकोच्या फोटोची काच त्याला कापता आली नाही, त्याला हे लागू नये म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. सगळे दुपारचे झोपलेले असताना त्याने नखाने त्यावर टकटक केलं. ती काच नव्हती. प्लॅस्टिक होतं. हात लागून पडली तर फुटायला नको म्हणून.

"मला गोळी दिलेली आहे," तो म्हणाला. "पाण्यातून. सकाळी."

"कोणी?"

त्याने दाराकडे बघितलं. डॉक्टरबाई उठल्या, दार उघडलं आणि मुलाला आत घेतलं. मुलगा आत आला तो थेट त्याच्या हाताकडे बघत. हात शांत होता. मग तो डॉक्टरबाईंकडे वळला आणि फोनवर बोलतो त्या आवाजात म्हणाला, "मॅडम, माझं ऐकून घ्या, अर्धीच दिली होती."

"अर्धी द्या नाहीतर चिमूटभर द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजचा दिवस वाया गेला. आणि यांनी सांगितलं नसतं तर यांचं ऑपरेशनच वाया गेलं असतं, कळतंय का तुम्हाला? मी नको म्हणून लिहिणार होते." मग आवाज जरा खाली आणत त्याला म्हणाल्या, "काका, परत तारीख देते. मात्र परत एकदा रात्रभर तसंच काढावं लागेल. काढाल?"

"काढीन," तो म्हणाला. "फक्त गोळ्या माझ्या उशीखाली राहतील."

बाहेर ड्रायव्हर त्याच जागी, त्याच चेहऱ्याने बसला होता. "झालात पास?"

"पेट्रोलमध्ये भेसळ निघाली," तो म्हणाला. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण पोट हललं. तो हसत होता.

इमारतीच्या मागे कॅन्टीनचं आवार होतं, पत्र्याचं छप्पर, सिमेंटची बाकं. मुलाने दोन चहा आणले. उपास सुटला होता. त्याने कप उचलला, नळीशिवाय, एका हाताने, आणि तोंडाला लावला. चहाचा थेंबही न सांडता खाली ठेवला. मुलगा ते बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने ओळखलं, मुलाला वाटतंय, बघा, यासाठी तर केलं.

"का दिलीस?"

"सकाळी तुम्ही ओरडत होतात बाबा. कुशीवर होता येत नव्हतं तुम्हाला. मला नाही बघवलं."

"एवढंच?"

मुलगा कप फिरवत बसला. "आणि भीती वाटली. डोकं उघडणार. आई इस्पितळात गेली आणि... तुम्हाला काही झालं तर मी ताईला काय सांगू. वाटलं, नापास झालात तर बरं. नक्की काय वाटलं मलाही माहीत नाही. गोळी कुटताना हात थरथरत होता माझा."

"तुझा हात कोणी बघितला नाही."

"काय?"

"काही नाही." पत्र्यावर एक कावळा येऊन उतरला, नखं वाजली. त्याचा राग इतका जुना होता की तो आता नेमका कोणावर आहे हेच सापडत नव्हतं. समोरचा हा पोट सुटलेला मुलगा, त्याने पाण्यात गोळी कालवली. आणि ती, जी गेली, तिने काय कालवलं होतं? "बारक्या," तो म्हणाला, "आणखी काय काय कालवलंत तुम्ही माझ्या पाण्यात?"

मुलाने वर बघितलं नाही. त्याने खाली बघितलं, सिमेंटच्या बाकावर ठेवलेल्या उजव्या हाताकडे. हात गप्प होता. अर्धी गोळी चांगली रंगात आली होती. मुलाने श्वास सोडला आणि सांगायला सुरुवात केली.

तिला उन्हाळ्यातच कळलं होतं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, थंडीत नाही. तेव्हा गाठ लहान होती. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, यातून माणसं बरी होतात. ती म्हणाली, आता नको. तेव्हाच त्याच्या गोळ्या बदलल्या होत्या, दर तीन तासांनी द्यायच्या, रात्री उठून द्यायच्या, एखादी चुकली की तो जागच्या जागी थिजायचा. मी महिनाभर पडून राहिले तर यांना कोण बघणार. यांचं जरा बसू दे, मग करू. मुलगा म्हणाला होता, मी रजा काढतो. ती म्हणाली, तुला जमणार नाही, तुला त्यांचं ओरडणं बघवत नाही. मावशी चिडली, रडली. मग मावशीकडे राहून आली ती हवापालटाला नव्हतीच, त्या गावात तपासण्या केल्या. तेव्हा उशीर झाला होता. तिने शपथ घातली नव्हती की काही नव्हतं. नुसती म्हणाली, यांना सांगू नका, हात वाढेल. "आम्ही सगळे हेच म्हणत होतो ना बाबा. हात वाढेल. म्हणून मग..."

मुलगा बोलत होता आणि त्याच्या आत काहीतरी खालपर्यंत तडकत गेलं, तोच रेशमी आवाज करत. त्याला वाटलं, आता सिमेंटचं बाक हलणार, कप पडणार, चहा सांडणार. त्याने हाताकडे बघितलं. हात तसाच होता. तळवा वर, बोटं किंचित मिटलेली, उन्हात झोपल्यासारखा. त्याच्यासाठी तिने मरण पुढे ढकललं नाही, अलीकडे ओढलं, आणि या हाताला त्याचं सोयरसुतक नव्हतं. इतकी वर्षं हा हात चहाडखोर म्हणून त्याने त्याचा दुस्वास केला. बसमध्ये, लोकांत, मांडीखाली दाबून ठेवला. पण त्याच्याबद्दल खरं बोलणारं घरात एवढंच एक होतं. आज तेही उलटलं होतं.

"बरं झालं सांगितलं," मुलगा नाक पुसत म्हणाला. त्याचा चेहरा धुतल्यासारखा मोकळा झाला होता. "किती दिवस छातीवर होतं. तुम्ही किती शांतपणे घेतलंत बाबा. मला वाटलं होतं..." त्याने परत हाताकडे बघितलं आणि हसला. "उगाच घाबरत होतो."

तो काही बोलायला गेला असता तरी त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं असतं? ड्रायव्हरसारखाच त्याचाही चेहरा अर्धा गेला होता. मग त्याच्या लक्षात आलं, ऑपरेशनने हेच मिळणार होतं. दिवसभर एकसारखं. गप्प हात, आणि त्याच्याकडे बघून हसणारी माणसं. त्यांना वाटेल, पचलं. त्याने मागितलं होतं तेच, तसंच्या तसं.

टॅक्सीत दोघं मागे बसले. मुलगा हलका झाला होता, खूप बोलत होता. पुढच्या तारखेला सुट्टी टाकतो, या वेळी नीट करू, संध्याकाळी ताईला फोन लावू, ती खूश होईल. काचेबाहेरून दुकानं, दुचाक्या, सिग्नल जात होते. तो खिडकीशी बसून वाट बघत होता. कशाची, ते त्यालाही जरा वेळाने कळलं. घरी एखादं माणूस उशिरापर्यंत आलेलं नसलं की कान जसे दाराकडे लागतात, तसा तो हाताची वाट बघत होता. आधी पायात आलं. बुटातला अंगठा जड झाला, मग तळव्याकडे वळू लागला. मग मनगटात आतून काहीतरी धडकू लागलं. अंगठा हलला. थांबला. परत हलला. आणि मग मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी, जिच्यात त्याचे डोक्याचे फोटो होते, चुरचुर वाजू लागली.

मुलाचं बोलणं वाक्याच्या मध्येच थांबलं. त्याची नजर खाली गेली. "घरी गेलं की लगेच गोळी घेऊ," तो म्हणाला. "आणि काही विचार करत बसू नका आता. झालं ते झालं. रस्त्याला आज गर्दी बघा ना किती..."

"आता सांग," तो म्हणाला.

"काय?"

"मघाशी सांगितलंस ते. परत सांग. उन्हाळ्यापासून."

"बाबा, नको. हात वाढतोय."

"वाढू दे. मघाशी तू माझ्याशी बोललाच नाहीस, त्या अर्ध्या गोळीशी बोललास. आता मी आहे. आता सांग." टॅक्सीवाल्याने आरशातून मागे बघितलं. त्याने पर्वा केली नाही. "मी ते ऑपरेशन करून घेणार आहे, बारक्या. मग हा काही सांगणार नाही तुला. मग तुला माझ्या तोंडाकडे बघून विचारावं लागेल, बाबा, काय होतंय. त्याची सवय कर. आणि तुझ्या आईच्या फोटोला घरी गेल्यावर खरी काच बसवायची."

मुलाने वर बघितलं. कितीतरी दिवसांनी त्याने मुलाचे डोळे इतक्या जवळून बघितले. डावा डोळा त्याच्या आईसारखा होता, जरा बारीक, कडेला खाली उतरलेला. इतके दिवस त्याचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"तेव्हा ना," मुलगा म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. तो फोनवरचा आवाज नव्हता. "तेव्हा आई भाजी निवडत होती. म्हणाली, बारक्या, दार लोटून घे..."

हात आता चांगलाच हलत होता. पिशवी घसरून खाली पडली, मग हात दाराच्या मुठीवर टकटक आपटू लागला, जोरजोरात, कोणीतरी बाहेरून दार वाजवत असावं तसा. मुलाने सवयीने तो धरायला आपला हात पुढे केला, आणि मध्येच मागे घेतला, आणि सांगत राहिला. त्यानेही दुसऱ्या हाताने तो दाबून धरला नाही.